उत्तरं न सांगणारे सर
१९५३. सकाळी अकराला धारच्या कॉलेजात पागनीस सरांनी पहिल्या वर्षाच्या वर्गापुढे तीन बिननावाच्या बाटल्या ठेवल्या. ॲसिड, अल्कली, पाणी. कशात काय, विद्यार्थ्यांनी शोधायचं, लिटमसशिवाय, न चाखता. प्राचार्य दारात उभे होते. “सर उत्तरं सांगत नाहीत,” असा मुलांचा अर्ज होता. ही पद्धत ठेवायची की थांबवायची, आज ठरणार होतं. “भिया, अब तो गए,” कुणीतरी म्हणालं. पहिल्या बाकावरच्या विनोदिनीने कपाळावरचं, हळदीत चुना घालून केलेलं कुंकू कागदावर पुसलं. “अगं, कुंकू काय पुसतेस!” शेजारची सुमंगला ओरडली. पहिल्या बाटलीच्या थेंबाने ते पिवळं झालं. दुसरीने पिवळंच राहिलं. तिसरीने पुन्हा लाल. ॲसिड, पाणी, अल्कली: तिन्ही ओळखल्या! “चिंचेनं काय होईल?” एकाने विचारलं आणि पैजा लागल्या. घंटा झाली, कुणी उठलं नाही. प्राचार्यांचा निकाल साडेबारापर्यंत आला नव्हता. त्यांनी चपराशाला चिंच आणायला पाठवलं होतं.