टोकाखाली

“केर काढायचा तरी कुठून? जरा सरकव की रे तुझा हा सांगाडा,” म्हातारी पुटपुटली. तांब्याची नळी सकाळपासून दुसऱ्यांदा तिच्या नडगीला लागली होती.

“सरकवला की दिशा बिघडते, आई,” मुलगा म्हणाला.

त्याचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. त्याने जुळवलेल्या कोपऱ्यात कागदाची कडसुद्धा शिरत नसे. त्याच हातांनी त्याने आजारी बायकोच्या पलंगाभोवती तांब्याच्या नळ्यांचा पिरॅमिड उभा केला होता, पार छताला भिडणारा. सगळे सांधे डाग देऊन पक्के केल्यावर लक्षात आलं, की खोलीचं दार आता अर्धंच उघडतं. तेव्हा तिघंही हसले होते. “असू दे,” तो म्हणाला होता, “कुठे जायचंय आपल्याला?”

पिरॅमिडच्या टोकापासून दोरीला बांधलेला टोकदार ओळंबा खाली सोडला होता, बरोबर बायकोच्या पोटातल्या गाठीवर. लावला तेव्हा तो पोटापासून वीतभर उंच होता. आता चादरीला टेकू लागला होता. दोरी सैल झाली असेल, असं त्याचं म्हणणं.

फोन वाजला. हॉस्पिटलचाच होता.

“नाही, उद्याची तारीख नको. ऑपरेशनचं नंतर बघू. बराच फरक आहे हो. जेवते, व्यवस्थित जेवते.”

म्हातारीने पलंगाजवळचं भरलेलं ताट तसंच उचललं.

“या शिकलेल्यांना पुस्तकात छापलंय तेवढंच दिसतं,” फोन ठेवत तो म्हणाला. “म्हणे इजिप्तच्या लोकांना पिरॅमिड आपले आपणच सुचले. एवढे कोन, एवढी मापं! अगं, समुद्रात अख्खा देश बुडाला, त्यातून वाचलेली माणसं तिथे आली. त्यांनी शिकवलं. आजार ओढून घेणारी यंत्रं होती ती. राजे मागाहून आले, त्यांनी आपली नावं लावली, आणि जग धरून बसलं की ती...”

इथे तो नेहमीच थांबायचा. या वाक्याचा शेवट त्या घरात कोणी करत नसे.

“देश वाचवायचं यंत्र तेवढं राहून गेलं वाटतं त्यांचं,” बायको उशीवरून म्हणाली.

त्याला हसू आलं. “बोलू नकोस गं, दम लागतो. आणि मग हे काय आहे?” उशाजवळ पिरॅमिडखाली मुद्दाम ठेवलेली दुधाची वाटी त्याने तिच्या नाकापुढे धरली. “आठवडा झाला. नासलं का? सांग ना, नासलं का?”

ती वाटीकडे बघेना. सासूकडे बघत राहिली.

म्हातारीने हातातलं ताट खाली ठेवलं.

“मी बदलते ते,” ती म्हणाली. “रोज पहाटे, तू उठायच्या आत.”

“का?”

“पहिल्याच रात्री नासलं होतं रे. सकाळी तुझं तोंड बघवलं नसतं मला.”

तो बायकोकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“जागीच असते मी.”

त्याने वाटी होती त्याच जागी, हलक्या हाताने ठेवली. कुणाचा तरी धक्का लागून ओळंबा हलत होता. प्रत्येक झोक्याला चादरीवर बारीक रेघ उमटत होती. त्याने तो दोन बोटांत धरून थांबवला, सोडला. तो पुन्हा हलू लागला.

“दुधाचं जाऊ दे,” तो म्हणाला. “दुधाने काय सिद्ध होतं? यंत्रच ते. जगाने उगाच धरून ठेवलंय. आत कधी कुणी सापडलंय का? ती नव्हतीच. ती...”

“थडगी,” बायको म्हणाली. “थडगीच होती ती. अहो, दुकानातली करवत आणा, दार पुरतं उघडायला हवं.”