शूटिंगला बंदी
रेल्वे स्टेशनातले सगळे कॅमेरे बंद पडलेत, एवढं एक वाक्य कुणा जबाबदार माणसाने बोलावं म्हणून बातमीदार बाई सकाळपासून दातांच्या कण्या करत होती. पण कुणी ताकास तूर लागू देईना. शेवटी तिने जिन्यावरच्या कॅमेऱ्याची लोंबती वायर मोबाइलवर टिपली, तोच सिक्युरिटी गार्डने तिला स्टेशनच्या साहेबांपुढे उभं केलं.

"सार्वजनिक जागा आहे, साहेब. पत्रकाराला अडवता येत नाही."

"आम्हाला नका शिकवू. डिलीट करा आधी."

तिने मोबाइल पोटाशी धरला. गार्ड घसा खाकरून म्हणाला, "पण साहेब, डिलीट केलं तर बाई शूटिंग करत होत्या याला पुरावा काय?"

"आपल्या कॅमेऱ्यात आल्या असतील की!"

गार्डने जिन्यावरच्या लोंबत्या वायरच्या दिशेने बोट दाखवलं. मग साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा बाई, डिलीट करू नका. उलट पुढचंही घ्या." त्यांनी कॉलर नीट केली, नाव-हुद्दा सांगितला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "स्टेशनातले सगळे कॅमेरे महिनाभर बंद असल्यामुळे, या बाईंच्या गुन्ह्याचा हा एकमेव पुरावा आहे."

मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "आवाज नीट आलाय ना? नाहीतर पुन्हा बोलतो."