कुंभारणीचं बिऱ्हाड

कुंभारीण माशी परत आली. तोंडात ओल्या मातीची गोळी, कंबर सुतासारखी. पडवीतल्या खुंटीवर फ्राक टांगलेला होता. त्याच्या चुणीत बसून ती माती थापायला लागली. थापता थापता गुणगुणायला लागली.

"मडकं घडवून राहिली," रुख्मा कुजबुजली.

विहिरीजवळच्या चिखलातून ती आणि शेजारची प्रेमिला या माशीच्या मागं मागं पडवीपर्यंत आल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत भरलेले. वाटेत सापडलेला नाकतोडा रुख्माच्या मुठीत होता.

फ्राक रुख्माचाच. नव्या आईनं, सुमित्राबाईनं, कंट्रोलच्या दुकानातल्या कापडाचा हातानं शिवलेला. रुख्मानं तो अंगाला लावला नव्हता. बापाचं लग्न उन्हाळ्यात झालं. रोवणी झाली, धान पोटरीला आलं, नव्या आईपुढं पोरीचं तोंड काही उघडलं नाही.

कुंभारीण आता एक हिरवी अळी घेऊन आली. मडक्यात कोंबली.

"हे तिचं लेकरू?"

"तिचं नोहे. वालाच्या वेलावरून उचलून आणलं," प्रेमिला म्हणाली. "माही आजी सांगते. दुसऱ्याचं लेकरू घरात ठेवते अन् त्याच्यापाशी गुणगुणत बसते. आयकता आयकता ते तिचंच होऊन जाते."

अळीचं खरं काय होतं ते कुंभारणीलाच ठाऊक. पण त्या परसात प्रेमिलाच्या आजीचंच शास्त्र चालायचं.

सुमित्राबाई पडवी सारवायला आली. फ्राकवरचा मातीचा गोळा पाहून तिचा चेहरा उतरला. पोर घालत नाही ते नाही, वर हे. तिनं फ्राक काढला आणि गोळा खरवडायला नख लावलं.

"पाडू नोको."

सुमित्राबाईनं आधी प्रेमिलाकडं पाहिलं. बोलली होती रुख्मा.

"काऊन वं?" तिनं जपून विचारलं.

"अंदर अळी आहे. दुसऱ्याची. कुंभारीण तिले आपली करून राहिली."

"कशी करते?"

"गुणगुणून."

सुमित्राबाईनं फ्राक हलक्या हातानं पुन्हा खुंटीला अडकवला. सारवण तसंच टाकून ती खालीच बसली. कुंभारीण आली, गेली, पुन्हा आली.

"मंग, किती दिवस लागते?"

रुख्मानं विचार केला. नाकतोडा प्रेमिलाच्या हातात दिला. चिखलाच्या पायांनी आली आणि सुमित्राबाईच्या मांडीवर बसली.

"तू सुरू तं कर."