एकतिसावं कार्ड

विष्णुपंत पाळणाघराच्या दारात उभे राहिले आणि हातातली हजेरीची कार्डं पत्त्यांसारखी एकेक करून स्टुलावर टाकू लागले. चटईवर बसलेल्या गोदूबाईला वाटलं, टाइमकीपरला भरदुपारी रमी सुचली. शेवटचं कार्ड मात्र त्यांनी टाकलं नाही. तिच्यापुढे धरलं. त्यावर तिचाच फोटो होता.

"पॅकिंगला तीस बायका. आणि या तुम्ही, एकतिसाव्या."

"मंग?"

"मग कायदा असा आहे की कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका असल्या तर त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, आणि त्यात मुलं सांभाळायला बाई हवी. पॅकिंगची सुनंदा लग्न होऊन गेली, तेव्हा साहेबांनी पुन्हा मोजलं. तुम्ही आहात म्हणून एकतीस होतात. तुम्ही नसलात की तीस. तिसाला पाळणाघर लागत नाही."

गोदूबाईला वाचता येत नव्हतं, पण बदलापूर गावात भाताचे भारे मोजण्यात तिचा जन्म गेला होता. तिने मनाशी हिशोब लावला.

"म्हंजी माझ्यापायी ही खोली, न् या खोलीपायी मी."

"बरोबर."

"चार वर्सं झाली. मी बाई हाय ते सायबांना आज कलला?"

विष्णुपंत हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. "एक तारखेपासून येऊ नका," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"मना पॅकिंगला घ्या."

"तरी एकतीसच होतात हो, बाई."

पाळण्यात वेणू कुशीवर वळली. खोलीत चटया बारा पोरांच्या होत्या, पण येत होती ही एकटी, दहा महिन्यांची. बाकीच्यांची पोरं घरी सासूकडे राहत. वेणूच्या आईला, उमाला, सासू नव्हती. ती रोज शहाडहून पोरीला कडेवर घेऊन यायची.

विष्णुपंतांनी आवाज खाली आणला. "एक मार्ग आहे. खोली बंद झाली की उमाला पोर ठेवायला जागा नाही. ती महिनाभरही टिकायची नाही. ती गेली की पॅकिंगला एकोणतीस. मग तुम्ही तिसाव्या. कायद्यात बसतं." त्यांनी स्टुलावरची कार्डं गोळा केली. "शनिवारी नोटीस लागेल, तोवर कुणाला बोलू नका. पण तुमचं नाव पुढे करायचं तर पाचच्या भोंग्याआधी मला सांगा. फाटकाबाहेर कामासाठी रांग लागलेली असते."

ते गेले. गोदूबाई पाळण्याची दोरी ओढत राहिली.

पॅकिंग आणि पाळणाघर यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. पलीकडे लांबलचक टेबलाभोवती बायका गोळ्यांची खोकी भरत बसायच्या. भिंतीतून त्यांचं हसणं यायचं, शब्द यायचे नाहीत. चार वर्षांत त्या कशाला हसतात ते गोदूबाईला एकदाही समजलं नव्हतं. कधीकधी त्या हसून गप्प झाल्यावर ती इकडे एकटीच हसायची. घरी, शिवमंदिरामागच्या एकटीच्या खोलीत, भिंतीपलीकडूनही काही यायचं नाही.

जेवणाच्या सुट्टीत उमा धावत आली आणि पोरीला पदराखाली घेऊन बसली.

"मावशी, तुमची ऐश आहे हं. बसून पगार! सगळ्या जळतात तुमच्यावर."

"मगाशी कशाला हसत व्हत्या?"

"कधी?"

"मगाशी. लय हसल्या."

"काय माहीत. असेल काहीतरी फालतू. कुणीतरी रविवारचा टीव्हीवरचा पिक्चर सांगत होती वाटतं."

गोदूबाईने पाळण्यातलं दुपटं झटकलं. मग म्हणाली, "तू कंच्या जागंवर बसतंस?"

"शेवटची, या भिंतीला लागून. पंख्याचा वारासुद्धा येत नाही. त्या म्हणतात, इकडे सरक गं, मरशील उकडून. पण मावशी, तिथून पाळण्याची कुरकुर ऐकू येते ना! कुरकुर चालू असली की हात भराभर चालतो माझा. थांबली की जीव टांगणीला. उठली का, रडते का, पडली का."

"काम कठीण हाय?"

"ह्यॅ, दोन दिवसांत हात बसतो. तुम्हाला कशाला पण?"

"असाच." गोदूबाईने वेणूचं तोंड पदराने पुसलं आणि तिला उमाच्या हातातून घेतलं.

तीनला वेणू उठली. गोदूबाईने तिला चटईवर बसवलं आणि खेळायला दोन रिकामी खोकी दिली. पोरगी खोक्यात हात घालायची, काही सापडलं नाही की वर बघायची.

पावणेपाचला विष्णुपंत दारात डोकावले. कानावरची पेन्सिल त्यांनी हातात घेतली.

"काय गोदूबाई? लिहू नाव?"

भिंतीपलीकडे एकदम हसण्याची लाट उठली. त्यात उमाचाही आवाज होता. गोदूबाईने भिंतीकडे पाहिलं, मग चटईकडे.

"लिवा," ती म्हणाली.

विष्णुपंतांनी लिहिलं आणि ते गेले. पलीकडचं हसणं हळूहळू विरलं. इकडे खोली शांत झाली. पाळणा कधीचा थांबलेला होता.

गोदूबाई चटकन उठली. तिने दोरी हातात घेतली आणि रिकामा पाळणा हलवायला लागली. चटईवरची वेणू तिच्याकडे बघत होती. भोंगा होईपर्यंत गोदूबाईने दोरी सोडली नाही.