मागच्या सीटवरचं लायसन

"लर्निंगवर डबलसीट?"

हवालदारानं मोटारसायकलच्या पुढच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावरचा लाल 'एल' पाहिला आणि हात आडवा केला. तो 'एल' नेलपॉलिशनं रंगवलेला होता. संजीवनीनं गाडी कडेला घेतली, साइड स्टँड लावला आणि न उतरताच हेल्मेटची काच वर केली. ती उतरली असती तर मागे बसलेल्या सासऱ्याचा तोल गेला असता.

"लर्निंगवर मागे कुणी चालत नाही. माहितीये ना मॅडम?"

"लायसनवाला चालतो. शिकवणारा."

"मग कुठाय तो?"

"मागे बसलेत."

हवालदार गाडीच्या मागे गेला. आनंदा म्हसकर, वय अडुसष्ट. डोक्याला हेल्मेट. पाठीमागे लोखंडी कठडा, उल्हासनगरातून वेल्डिंग करून घेतलेला. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला, ओठांचा उजवा कोपरा उतरलेला. संजीवनीच्या पाठीवर तिच्या मुलीचं गुलाबी दप्तर होतं. दप्तराचा खालचा पट्टा म्हाताऱ्यानं डाव्या मुठीत धरला होता.

"आरसी, इन्शुरन्स, पीयूसी."

संजीवनीनं प्लास्टिकची पिशवी पुढे केली. सगळं होतं. पीयूसी तर कालचीच होती. शिकाऊ लायसनला सत्तावीस दिवस झाले होते.

"मिस्टर कुठायत?"

"शहाडला. कंपनीत."

"मग त्यांनी शिकवायचं ना."

"त्यांना सायकलही येत नाही."

मागून घशातल्या घशात आवाज आला. म्हातारा हसत होता.

हवालदार हसला नाही. त्यानं चलनाचं मशीन बाहेर काढलं. "मॅडम, शिकवणारा म्हणजे सांगता तरी आलं पाहिजे. काकांना बोलता येतं का? गाडी चौकीला लावावी लागेल."

गाडी चौकीला लागली तर सुटेपर्यंत चार-आठ दिवस जाणार होते. टेस्ट याच गाडीवर द्यायची होती, कल्याणला. टेस्ट झाली तरच पक्कं लायसन, आणि पक्कं लायसन दाखवलं तरच अंबरनाथ पूर्वेची लॅब तिला एक तारखेपासून घरोघर रक्ताचे नमुने आणायच्या कामावर घेणार होती.

"ऐकू येतं त्यांना," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

हवालदार म्हाताऱ्याकडे वळला. "काका, लायसन?"

लायसन बंडीच्या डाव्या खिशात होतं. म्हाताऱ्यानं पट्टा सोडला, डावा हात उलटा वळवून खिशात घातला. बोटं दोनदा निसटली. मागे जांभूळ गावाकडून आलेला पाण्याचा टँकर हॉर्न वाजवू लागला. हवालदारानं मदतीला हात पुढे केला.

"काढतील ते," संजीवनी मागे न बघता म्हणाली. "थांबा."

हवालदारानं हात मागे घेतला. तिसऱ्यांदा कार्ड वर आलं. फोटोतल्या माणसाच्या मिशा काळ्या होत्या आणि तोंड सरळ होतं.

"शिकवता कसं पण?"

म्हाताऱ्यानं पट्टा पुन्हा मुठीत घेतला आणि एकदा ओढला. संजीवनीचा पाय ब्रेकवर गेला. मागचा लाल दिवा हवालदाराच्या पँटवर उजळला. मग त्यानं पट्टा दोनदा ओढला. गिअर खट्कन पडला.

"खांद्याला हात लावत नाहीत," संजीवनी म्हणाली. "सून ना मी. म्हणून हे दप्तर."

"कासराच की हा."

"म्हणजे बैल मी का, साहेब?"

आता हवालदार हसला. हसत हसत त्यानं कार्ड उलटंपालटं केलं, आणि त्याचं हसू थांबलं.

"काका, हे पंधरा तारखेला संपतंय. पुढे डॉक्टरचा दाखला लागेल. आणि..." त्याची नजर मांडीवरच्या उजव्या हाताकडे गेली.

म्हाताऱ्यानं ओठ जुळवले. शब्द यायला वेळ लागला. टँकरचा हॉर्न वाजतच होता.

"हिची टेस्ट... चौदाला हाय."

हवालदारानं मशीन पाऊचमध्ये ठेवलं. कार्ड म्हाताऱ्याच्या डाव्या हातात दिलं आणि ते बंडीच्या खिशात जाईपर्यंत तसाच उभा राहिला. मग रस्त्यावर येऊन त्यानं टँकरला हात दाखवला.

"जा. कडेकडेनं जा."

संजीवनीनं काच खाली केली, क्लच दाबून गाडी सुरू केली. गाडी हलली. हवालदाराचं लक्ष तिच्या डाव्या पायाजवळ गेलं. साइड स्टँड तसाच खाली होता. त्यानं ओरडायला तोंड उघडलं.

त्याआधी दप्तराचा पट्टा एकदा ओढला गेला होता.