गरम गाडी

गाडी बंद केल्यावर किती वेळाने सेल्फ मारला, हे कुंडलिक मिस्त्रींनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माधुरीने उत्तर दिलं. दहा मिनिटं. फार तर बारा.

"मग बारा मिनटं थांबू," म्हणत मिस्त्री जांभळीच्या बुंध्याला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

बाबांचा जुना ट्रक अंगणात उन्हात उभा होता, त्यांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी होता तिथेच. मागे विटाही तितक्याच होत्या. याआधी तिघांनी गाडी तपासली होती, तिघांनीही सकाळी, आणि तिन्ही वेळा ती पहिल्या सेल्फला सुरू झाली होती. गाडीत काही दोष नाही, असं तिघांनी सांगितलं. तेव्हापासून डोळखांबच्या नाक्यावर लोक तिचा भाऊ सूरज आला की बोलणं थांबवत. मिस्त्रींनी मात्र आल्या आल्या बजावलं होतं, की थंड गाडी बघून काही कळायचं नाही. ती त्या दिवशी जशी होती, तशी करून आणा. म्हणून सूरज पहाटे मुरबाडला गेला, भट्टीवरून विटा भरल्या आणि भर दुपारी घरी येऊन त्याने गाडी बंद केली. बाबांनी केली होती तशीच.

आता तो पायरीवर बसून होता. बहिणीकडे पाहत नव्हता. दहाव्याला सगळ्या पाहुण्यांसमोर माधुरीने त्याला विचारलं होतं, गाडी सुरू झाली नाही, की तू केली नाहीस? बाप-लेकात महिनाभर अबोला होता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मिस्त्रींना आज त्यानेच बोलावलं, आणि माधुरीने समोर असावं, असा निरोप आईकरवी पाठवला.

"तुज्या बाबाजवळ कोन बसलेलं गो?" मिस्त्रींनी डोळे न उघडता विचारलं.

तिने सांगितलं. बाबा डावीकडच्या सीटवर, शेजारी ती. त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. आईने दिलेला ओला टॉवेल ती त्यांच्या कपाळावर ठेवत होती, तर तोही ते राहू देत नव्हते, डाव्या हाताने ओढून टाकत होते. सूरज सेल्फ मारत होता. अर्धा तास मारत होता, बॅटरी उतरेपर्यंत. जीप मिळाली दीड तासाने. शहापूरच्या डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, की तासभर आधी आणायला हवं होतं.

मिस्त्रींनी मान हलवली. मग घड्याळ पाहून ते उठले.

सूरजने सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरलं आणि थांबलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी त्याने किल्ली सोडली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत हळूच म्हणाला, "ऐकलंस?"

मिस्त्री केबिनमध्ये चढले. दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण त्यांनी उचललं, तशी गरम हवेची झळ दारात उभ्या माधुरीच्या तोंडावर आली. त्यांनी पाण्याची बादली मागवली. खांद्यावरचं फडकं तीत बुडवलं आणि डिझेलच्या पंपावर अंथरलं. फडकं चरचरलं. ते त्यांनी दोन-तीनदा भिजवून ठेवलं.

"मार आता."

अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू झाली.

"पंप झिजलाय," मिस्त्री म्हणाले. "गरम झाला का डिझेलचा दाब धरत नाय. गार केला का चालतो. जगनला, तुमच्या बाबाला, म्हाईत व्हतं." त्यांनी सीटच्या मागे हात घातला, थोडा वेळ चाचपलं आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन काढला. त्याच्या मुठीला गोणपाटाचा एक तुकडा बांधलेला होता. वाळून कडक झालेला, डिझेलचा वास येणारा.

"कोणाला बोलला नाय कधी," सूरज म्हणाला.

"बोलंल कसा? पंप गेलाय कळलं का भट्टीवाला भाडं देत नाय."

"मला तरी सांगायचं."

"तुज्याशी बोलत व्हता का तो?"

इंजिन एका लयीत चालू होतं. ओट्यावर आई पदर तोंडाशी धरून उभी होती. सूरजने मान वळवली. दहाव्यानंतर पहिल्यांदाच त्याने बहिणीकडे सरळ पाहिलं.

"आता तरी पटलं का, ताई?"

माधुरी पंपावरच्या फडक्याकडे पाहत होती. त्यातून वाफ निघत होती. टॉवेल बाबांनी खाली टाकला नव्हता. तो दर वेळी या झाकणावर पडला होता, एकाच जागी. तिने तीनदा तो उचलला, पुन्हा भिजवला, पिळला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला. चौथ्यांदा त्यांनी हात उचलला, तेव्हा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता, जीप येईपर्यंत.

सूरज गाडी बंद करून उतरला आणि विटा उतरवायला मागे गेला.

माधुरी केबिनमध्ये चढली. पंपावरचं फडकं तिने उचललं, बादलीत बुडवलं, न पिळता पुन्हा पंपावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.