वाळवीने खाल्लेला तुकडा

हवाई बेटांवरच्या आमच्या हिलो गावच्या चर्चमधल्या कपाटात आम्हा वादकांचा गट चालवणाऱ्या हौनानी मावशीला युकुलेलेसाठी लिहिलेली एक जुनी सुरावट सापडली. पण मधला तुकडा वाळवीने खाल्लेला. होनोलुलूहून आलेल्या संगीताच्या मास्तरांनी लगेच पेन्सिल काढली. "एवढंसं तर आहे. मी भरून देतो, कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना! खबरदार कागदाला हात लावलात तर," मावशी म्हणाली.

चर्चच्या जेवणात आम्ही ती तशीच वाजवली. खाल्लेला भाग आला की तारांवरून हात उचलायचे, तेवढा वेळ नुसता पायाने ठेका धरायचा. लोक फिदीफिदी हसले. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"पुन्हा पहिल्यापासून!" मावशी कडाडली.

दुसऱ्यांदा हात उचलले, तसा मागच्या टेबलावरचा एक म्हातारा अळकुड्यांच्या पोईचा वाडगा आपटून उठला. "अहो, मधलंच का गाळता? माझी आई रोज गुणगुणायची ते!" आणि आमच्या ठेक्यावर त्याने ते गायलाच सुरुवात केली. तो थांबला, तिथेच आमची पुढची ओळ अचूक येऊन मिळाली.

मावशी मास्तरांकडे वळली.

"काढा आता पेन्सिल."